सांगावं कुणाला?

मागच्या व्याख्यानानंतर एक श्रोत्या बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "सर, मी कितीतरी वर्षं कथा लिहिते. घरी कुणालाच ठाऊक नाही. एवढी मोठी गोष्ट आपल्या माणसांपासून लपवायची म्हणजे खोटेपणाच नाही का?" तेव्हा आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. आज नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करू.

आधी खोटेपणाचा मुद्दा. मारिया फॉन हर्बर्ट नावाच्या एका तरुणीनं कांटला पत्र लिहिलं होतं. आपलं आधीचं एक प्रेम तिनं प्रियकराला उशिरा सांगितलं आणि त्याचं मन थंडावलं. १७९२ मध्ये कांटनं उत्तर लिहिलं, त्यात दिलासा फारसा नाही, पण एक भेद पक्का केलेला आहे. जे बोलू ते खरं असणं वेगळं, आणि मनातलं सगळं बोलून टाकणं वेगळं. पहिलं कर्तव्य आहे. दुसऱ्याची अपेक्षा माणसाकडून सरसकट करता येत नाही. म्हणजे बाई, न सांगणं हे खोटं बोलणं नव्हे. पण एवढ्यानं प्रश्न मिटत नाही, कारण आपला प्रश्न लेखनाचा आहे. तेव्हा साहित्याकडे वळू.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चाललेलं असतं, हे मराठीत इतकं उघड कुणी लिहिलं नव्हतं. वादळ उठलं. आणि चर्चा कशाची झाली? 'ही विभावरी कोण?' याची. बाई की पुरुष, कुठली, कुणाची? ते नाव होतं बाळूताई खरे यांचं, पुढच्या मालतीबाई बेडेकर. स्वतः शिकलेल्या, मुलींना शिकवणाऱ्या.

आता समीक्षक म्हणून आपण काय म्हणायचं? टोपणनाव म्हणजे भित्रेपणा, असं म्हणणारे तेव्हाही असतील, आजही आहेत. आम्हाला ते मान्य नाही. पुस्तक उघड बोलू शकलं ते नाव झाकलेलं होतं म्हणून. ते तसं नसतं, तर प्रत्येक कथेखाली वाचकांनी लेखिकेचं चरित्र शोधलं असतं. पुरुषानं लिहिलं की त्याला 'कल्पना' म्हणायचं आणि बाईनं लिहिलं की 'कबुली', ही आपल्या वाचनाची जुनी खोड आहे. त्या खोडीवर टोपणनाव हा तेव्हाचा उपाय होता. अर्थात त्याची किंमतही होती. स्वतःच्या पुस्तकावरचा वाद चालू असताना त्यात स्वतःच्या नावानं उतरता येत नाही, ही काही लहान शिक्षा नव्हे.

याच्या अगदी उलट उदाहरण बहिणाबाई चौधरींचं. त्यांनी काय लपवलं होतं? काहीच नाही. लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात होत्या, सगळ्यांच्या देखत. पण त्याला 'कविता' म्हणून ऐकणारे कान किती होते? मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यानं आणि घरातल्या एका नातलगानं काही उतरवून ठेवलं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवलं आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे बघा, सांगणारी आयुष्यभर मोठ्यानं सांगत होती.

तिसरं उदाहरण जी. ए. कुलकर्णींचं. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सभा-समारंभांपासून लांब राहिले. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांनी परत केला. असा माणूस सुनीताबाई देशपांड्यांना पानंच्या पानं पत्रं लिहीत होता. वाचन, लेखन, मनातली पडझड, सगळं त्यात आहे. तेव्हा जी.ए. 'अबोल' होते हे अर्धंच खरं. त्यांनी ऐकणारा माणूस निवडला होता. ती पत्रं त्यांच्या मागे छापली गेली आणि आपण सगळ्यांनी मिटक्या मारत वाचली. एकाला सांगितलेलं हजारांना सांगितलं असं होतं का? आम्ही ती वाचली आहेत, त्यामुळे साळसूदपणे उत्तर देण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आता आमचीच एक गोष्ट. आमच्या महाविद्यालयात ऑफिसात एक हेडक्लार्क होते. त्यांची कथा एका दिवाळी अंकात आली. बिचाऱ्यांनी पेढे वाटले. पुढे दोन महिने आम्ही प्राध्यापक मंडळी चहाच्या वेळी "काय साहित्यिक, आमच्यावर कधी लिहिताय?" करत राहिलो. कथा आमच्यातल्या एकानंही वाचली नव्हती. ते हसायचे. नंतर त्यांनी लेखनाचा विषय पुन्हा कधी काढला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सौंदर्यशास्त्र शिकवत होतो आम्ही तेव्हा!

या सगळ्यातून आम्हाला एवढं दिसतं की, मोकळेपणा हा एकट्या लिहिणाऱ्याचा गुण नाही. तो दोघांत घडतो. म्हणून 'तू लपवतेस का?' हे विचारण्याआधी 'आम्ही ऐकतो कसे?' हे विचारायला हवं.

आणि बाई, तुमच्यासाठी एक व्यावहारिक भेद. 'मी लिहिते' हे सांगणं एक. 'हे वाच' म्हणणं दुसरं. 'हे माझ्या आयुष्यातून कुठून आलं' हे उलगडणं तिसरं. पहिलं घरात सांगून टाका असं आम्ही म्हणू, कारण ते लपवताना हळूहळू खरंच खोटं बोलावं लागतं. कुठे होतीस, काय करत होतीस, याची उत्तरं द्यावी लागतात, आणि तिथे कांट तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही. दुसरं, जो खरंच वाचेल त्यालाच. तो घरातलाच असला पाहिजे असं नाही. पण कुणीतरी असावा. थट्टेपासून लपणं समजू शकतं. वाचलं जाण्यापासूनच लपत राहिलं तर लेखन तिथंच थांबतं. तिसऱ्यावर मात्र कुणाचाही हक्क नाही. नवऱ्याचा नाही आणि समीक्षकाचा तर नाहीच नाही.

आणि तुम्हा बाकीच्यांना एवढंच सांगतो. कुणी वही पुढे केली, तर आधी वाचा, मग बोला. आम्ही ते केलं नव्हतं.