आजीचं माहेर कुठल्या पानावर?

गेल्या महिन्यात एक कुलवृत्तांत हाती आला. घराण्याचं नाव लिहीत नाही. गुळगुळीत कागद, कोकणातल्या मूळपुरुषापासून अमेरिकेतल्या पणतवंडांपर्यंत बारा पिढ्या. माझी आजी याच घराण्यातली. तिला शोधलं, तर पणजोबांच्या नावाखाली एवढंच सापडलं : ‘कन्या ३, विवाहित.’

पूर्वज शोधणाऱ्या पुस्तकांना सध्या बरे दिवस आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठी अभिजात ठरली, तेव्हापासून भाषेच्या वयाचे दाखले गोळा करणारे जोरात आहेत. त्यांचं त्यांना लखलाभ. २०१९ साली राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्याचा डीएनए प्रसिद्ध झाला आणि आर्य इथले की बाहेरचे यावर दोन्हीकडून रकाने भरले. तो सांगाडा एका बाईचा होता, हे किती जणांच्या लक्षात आहे?

या गर्दीत मी पुन्हा इरावती कर्व्यांकडे जातो. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९५३चं. बाई प्रांतोप्रांती हिंडल्या आणि लोक एकमेकांना काय म्हणतात ते टिपत गेल्या. मराठी मुलखात मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची सहसा चालत नाही, म्हणजे उत्तर आणि दक्षिण इथे एकमेकींत मिसळतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडे सून सासूला ‘आत्याबाई’ का म्हणे, ते मग उमगतं : भाची खरोखरच आत्याच्या घरी सून होऊन जाई. एका हाकेत भाषा, इतिहास आणि सोयरीक! दुसरे दामोदर कोसंबी. गणिती माणूस, जनुकांमधली अंतरं मोजण्याचं त्यांचं १९४४चं सूत्र आजही वापरात आहे. इतिहास लिहितानाही राजांच्या याद्या त्यांनी बाजूला सारल्या. आमचे कुलवृत्तांतकार मात्र यादीच्या पुढे सरकायला तयार नाहीत.

आणि यादी तरी कसली? दहा पिढ्या मागे गेलात तर त्या पायरीवर पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. कुलवृत्तांत त्यांतली एक भरतो आणि त्याला ‘आमचं रक्त’ म्हणतो. मध्ये एखादा दत्तक आला की तेवढंही रक्त उरत नाही. वेल मात्र खुशाल पुढे चढते. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तर केवळ आईकडून येतो. त्या वाटेनं निघालेल्याला हे ग्रंथ पहिल्याच वळणावर ‘विवाहित’ म्हणून थांबवतात.

संपादक म्हणतात, बायकांची माहिती मिळत नाही. लग्नात नावही बदलत, हे खरं. पण नाशिकला रामकुंडावर श्राद्धाला बसलं की गुरुजी आई, आजी, पणजी विचारतात आणि आईच्या वडिलांकडची पिढीही विचारतात. तिथे आठवतं, छापताना आठवत नाही? मी म्हणतो, विचारतच नाही कोणी. आमच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा लेख आहे. दान राजाच्या आजीचं, गौतमी बलश्रीचं. मुलाचा पराक्रम त्यात आहेच, पण तो गौतमीपुत्र म्हणून. गादी बापाकडूनच आली होती, हे मलाही ठाऊक आहे. तरी आईचं नाव दगडावर कोरायला कोणाला जड गेलं नाही.

त्या कुलवृत्तांताच्या शेवटी पुरवणीसाठी माहिती मागवली आहे आणि तक्ताही दिला आहे. त्यात माहेरच्या नावाचा रकाना नाही. मी तो पेनानं आखून, आजीचं नाव भरून पाठवला आहे. तुमच्या घरी असा तक्ता आला, तर तुम्हीही आखा.