अन्वस्तीय असमता आणि महत्तम-तत्त्व

लुई निरेनबर्ग यांच्या प्रबल महत्तम-तत्त्वानुसार (१९५३) अन्वस्तीय असमता पाळणारे फलन, योग्य अटींत, आंतरबिंदूवर महत्तम मूल्य पावल्यास त्या क्षणापूर्वीच्या संलग्न भागात अचल असते. पुढील काळाविषयी तत्त्व मौन पाळते. समीकरणाऐवजी असमता घेण्यातच त्याचे बळ आहे. उष्णतावहन-समीकरणाच्या उकलीचा वर्ग सामान्यतः ते समीकरण पाळत नाही. असमता मात्र पाळतो. परंतु त्याच उकलीचे केवलमूल्य घेतल्यास शून्यस्थानी सामान्यतः कोन उद्भवतो, तेथे विकलज उरत नाही आणि प्रमेय शब्दशः लागू पडत नाही. ही उणीव तर्काची नव्हे, उकलीच्या व्याख्येची होय. क्रँडल व लिऑन्स यांनी १९८३ मध्ये प्रथम कोटीच्या समीकरणांसाठी मांडलेली ‘व्हिस्कॉसिटी’ उकलींची कल्पना पुढे द्वितीय कोटीपर्यंत विस्तारली, तेव्हा व्याख्येचे हे बंधन सैल झाले.