भयपटातील फिर्यादी : ‘लपाछपी’ आणि ‘वश’ यांच्या निमित्ताने

भयपट हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हेच आपल्याकडील अनेक अभ्यासकांना मान्य नसते. रामसे बंधूंचे ‘पुराना मंदिर’ (1984) किंवा ‘वीराना’ (1988) यांसारखे चित्रपट ज्यांनी चोरून पाहिले, त्यांनीही पुढे प्राध्यापक झाल्यावर त्यांचे नाव घेतले नाही. परंतु एखादा समाज कशाला भितो, हे त्याच्या सुविचारांपेक्षा त्याच्या भुतांवरून अधिक स्पष्ट कळते. प्रस्तुत लेखात एक मराठी व एक गुजराती भयपट विचारात घेतला आहे. ही जोडी उधन्यात बसून लिहिणाऱ्यास सहज सुचणारी आहे. उधना-लिंबायत परिसरातील खानदेशी कुटुंबांच्या घरात मराठी किंवा अहिराणी, मोहल्ल्यात उर्दू आणि बाजारात गुजराती चालते. त्यामुळे दोन भाषांतील हे चित्रपट येथे एकाच प्रेक्षकाचे होतात.

प्रथम भुतांच्या नावांकडे पाहू. उर्दूत ‘आसेब’ म्हटले की एखाद्या जागेवरचा किंवा माणसावरचा प्रभाव सूचित होतो. तो कोणाचा, हे त्या शब्दातून कळत नाही. मराठी लोकसमजुतीत मात्र भुताची जात त्याच्या अपूर्ण राहिलेल्या आयुष्यावरून ठरते. मुंज झाली पण लग्न झाले नाही, असा मुलगा मेला तर तो मुंजा. बाळंतपणात स्त्री मेली तर ती हडळ. म्हणजे भुतांची ही यादी एका अर्थाने समाजाची थकबाकीच होय. त्यातही एक विषमता आहे. मुंजा पिंपळावर राहतो आणि त्याची थोडी कीवही केली जाते. हडळीची कीव कोणी करीत नाही. ज्या घरात तिला वेळेवर सुईण किंवा औषध मिळाले नाही, तेच घर तिच्यापासून बचावासाठी उपाय करते. मेलेली स्त्री गुन्हेगार आणि जिवंत घर पीडित, अशी ही मांडणी आहे.

कमाल अमरोही यांच्या ‘महल’ने (1949) ही मांडणी फार पूर्वी हलवली होती. या चित्रपटाचे गाणे सर्वांना आठवते, कथानक मात्र फारसे कोणी लक्षात ठेवलेले दिसत नाही. हवेलीत दिसणारी छाया भूत नसून माळ्याची मुलगी आशा असते. हवेलीच्या मालकाने आपल्याकडे पाहावे यासाठी तिला मृत कामिनीचे सोंग घ्यावे लागते. जिवंत माळ्याच्या मुलीकडे जे लक्ष जाणार नाही, ते मेलेल्या स्त्रीकडे जाते! अमरोहींच्या त्या नजाकतीच्या उर्दू संवादांमागे वर्गभेदाचे हे कडू सत्य आहे आणि त्याची दखल समीक्षेने जितकी घ्यावयास हवी होती तितकी घेतली नाही.

विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (2017) याच्याही पुढे जातो. दिवस भरत आलेली नेहा (पूजा सावंत) नवऱ्यासोबत शहर सोडून उसाच्या शेतातील एका घरात येते. घरात तुळसाबाई (उषा नाईक) आहे. ती प्रेमळ आहे, खाऊपिऊ घालते, पोटावरून हात फिरवते. उसात मुले लपाछपी खेळताना दिसतात आणि एका स्त्रीची छाया नेहाला गाठू पाहते. त्या स्त्रीबद्दल घराने सांगितलेली गोष्ट आणि प्रत्यक्षात घडलेली गोष्ट यांतील अंतर हाच चित्रपटाचा विषय आहे. उलगडा होतो तेव्हा कळते की भीती छायेची नव्हे, मायेने भरवणाऱ्या हाताची वाटायला हवी होती, कारण या घराला मुलगी नको आहे. जिला घर हडळ म्हणते तीच येथे फिर्यादी आहे आणि घर आरोपी.

फिर्यादीचे हे स्थान मला महत्त्वाचे वाटते. इस्लामपूर्व अरबस्तानात नवजात मुलींना जिवंत पुरण्याची प्रथा होती. कुरआनातील सूरह तकवीरमध्ये कयामतच्या दिवसाचे जे वर्णन आहे, त्यात पुरणाऱ्या बापाला नव्हे, तर पुरलेल्या मुलीलाच विचारणा होईल असे सांगितले आहे. जिला बोलता येण्यापूर्वीच संपवले, तिची साक्ष प्रथम. ‘लपाछपी’च्या निर्मात्यांसमोर हा संदर्भ होता असे मुळीच सुचवायचे नाही, पण भयपटाला जे साधते ते हेच. न्यायालयात मृताला बोलता येत नाही. भयपटात बोलता येते.

चित्रपट 14 जुलै 2017 रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाल्यानंतर पोलिसांनी तपास केला आणि ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण बाहेर काढले. हाही उसाचा मुलूख. गर्भलिंग चाचणीवर नियंत्रण आणणारा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, तेही 1988 साली. केंद्राचा कायदा 1994 चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या राज्यात 2001 मध्ये 913 होती, ती 2011 मध्ये 894 वर आली. गुजरातची स्थिती याहून बरी नव्हती : 2001 मध्ये 883, 2011 मध्ये 890.

आणि येथेच ‘लपाछपी’बद्दल माझी तक्रार आहे. म्हैसाळचे प्रकरण एका डॉक्टरच्या रुग्णालयात घडले. सोनोग्राफीचे यंत्र, पदवीची पाटी, पावती न देता घेतलेले पैसे, अशी गर्भलिंगनिवडीची खरी साधने आहेत. चित्रपटात मात्र पाप कोठे आहे? शहरापासून दूर, एकाकी वाड्यात, नऊवारी नेसलेल्या म्हातारीच्या हातात. शहरी प्रेक्षक घाबरतो खरा, पण स्वतःला घाबरत नाही. ‘गावाकडे असे असते’ एवढे म्हणून सुटतो. फुरिया यांनीच 2021 मध्ये ‘छोरी’ या नावाने हिंदी आवृत्ती केली, तेथे नवराच त्या घरचा मुलगा निघतो. त्यामुळे दोष शिकलेल्या पुरुषापर्यंत पोहोचतो, हे मान्य. तरी क्लिनिकचे दार बंदच राहते. शिवाय सर्वांत क्रूर चेहरा पुन्हा एका वृद्ध स्त्रीचाच. तुळसाबाई अशी का झाली, तिने किती मुली गमावल्या, याकडे कॅमेरा पुरेसा वळत नाही. उषा नाईक यांच्या अभिनयात ते दुःख अधूनमधून डोकावते, तेवढेच.

कृष्णदेव याज्ञिक यांच्या ‘वश’ (2023) या गुजराती चित्रपटात भूत नाहीच. सुट्टीसाठी फार्महाऊसवर गेलेल्या कुटुंबात एक परका माणूस शिरतो आणि तरुण मुलीला वश करून तिच्याकडून हवे ते करवून घेतो. आईबाप पाहत राहतात. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपटाचा आणि जानकी बोडीवाला यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यावर आधारित हिंदी ‘शैतान’ 2024 मध्ये आला. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर झाला; गुजरातेत 2024 मध्ये. त्यामुळे ‘वश’ हा अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा चित्रपट आहे, असा आक्षेप घेता येईल. मला तो अपुरा वाटतो. मुलीने परक्याचे ऐकले म्हणून आपण हादरतो. पण सांगितले की ऐकायचे, उलट विचारायचे नाही, ही तालीम तिला कोणी दिली? ‘लपाछपी’ घराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, तर ‘वश’ घराला निर्दोष ठरवून सारे विष फाटकाबाहेरून आणतो. सुरतेसारख्या, रोज नवी माणसे येणाऱ्या शहरात ‘परका’ या शब्दाला किती चटकन धार येते, हे येथे राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून कारागिरीत सरस असूनही विचाराने ‘वश’ मला मागचा वाटतो.

2025 मध्ये त्याचा दुसरा भाग आला. त्यात वश होतात त्या मुलींच्या शाळेतील विद्यार्थिनी. म्हणजे भीतीचा मुक्काम फार्महाऊसवरून शाळेत हलला आहे आणि आज्ञापालनाचा जो प्रश्न पहिल्या भागाने पालकांना विचारायचा टाळला, तो आता आपसूकच शिक्षकांच्या दारात येऊन उभा आहे.