वादक, गुरू आणि परीक्षक : पियानोवादकाच्या तीन भूमिका

पाश्चात्य अभिजात संगीतातील थोर पियानोवादकांची चरित्रे पाहू गेल्यास त्यांत तीन भूमिका एकत्र नांदताना आढळतात. वादक मैफलीत वाजवितो, विद्यालयात शिकवितो आणि स्पर्धेत परीक्षक म्हणून बसतो. ही एकाच विद्येची तीन अंगे आहेत, असे आपण सहजच गृहीत धरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला तर हा प्रश्न विशेष जवळचा वाटावा. कारण भाषा बोलणे, ती शिकविणे आणि दुसऱ्याच्या बोलण्याची शुद्धाशुद्धता ठरविणे या तीन क्रिया एक नव्हेत, हे त्याला पहिल्याच पाठात शिकावे लागते.

प्रथम अध्यापनाचा विचार करू. पियानोच्या क्षेत्रात गुरुपरंपरेचे महत्त्व आपल्या घराण्यांहून कमी नाही. बेथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी, चेर्नीचा थिओडोर लेशेतित्स्की, त्याचा आर्तूर श्नाबेल आणि श्नाबेलचा लिऑन फ्लायशर, अशी साखळी सरळ सांगता येते. १९५२ साली ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकणाऱ्या फ्लायशरच्या उजव्या हाताची बोटे १९६० नंतरच्या दशकात निकामी झाली. वाजवून दाखविण्याचा सोपा मार्ग बंद झाल्यावर त्याला विद्यार्थ्यांशी शब्दांतूनच बोलावे लागले. आणि त्यामुळे आपले शिकविणे सुधारले, असे तो पुढे सांगत असे. या उदाहरणाचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. वादनातील ज्ञान बोटांत असते, अध्यापनातील ज्ञान वाणीत यावे लागते. मॉस्कोच्या हाइनरिख नॉयहाउस यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या पियानोवादनविषयक ग्रंथात बोटांच्या व्यायामाआधी रचनेच्या कलात्मक प्रतिमेचा विचार केला आहे, तो याच जाणिवेने. एमिल गिलेल्स व स्व्यातोस्लाव रिख्तर हे दोघेही त्यांचेच शिष्य. पण त्या दोघांचे वादन ऐकून ते एकाच गुरूचे आहेत असे कोणी म्हणणार नाही. ज्या अध्यापनाला भाषा लाभली आहे, ते शिष्याला अनुकरणापासून मुक्त करते, असे म्हणावयास हरकत नाही.

परीक्षकाची स्थिती याच्या अगदी उलट आहे. त्याला बोलावयाचे नसते. अंक लिहावयाचा असतो. आणि अंकाची स्वतःची एक रीत असते. कल्पना करा की पाच परीक्षक २५ पैकी गुण देत आहेत. एका वादकाला तिघे प्रत्येकी २५ आणि दोघे प्रत्येकी १० गुण देतात, बेरीज ९५. दुसऱ्याला पाचही जण २० गुण देतात, बेरीज १००. पाचांपैकी तिघांनी ज्याला श्रेष्ठ मानले, तो मागे पडतो. येथे कोणी अन्याय केलेला नाही, कोणाची नियत वाईट नाही. तरीही जो कोणालाच खटकत नाही तो पुढे जातो आणि ज्याच्याविषयी मतभेद होतो तो अडतो. चुकीचा सूर सर्वांना सारखाच ऐकू येतो, म्हणून शुद्धतेविषयी एकमत सुलभ असते. शैलीविषयी ते तसे नसते. बेरजेची पद्धत त्यामुळे नकळत व्याकरणाच्या बाजूने आणि शैलीच्या विरुद्ध कौल देते.

स्पर्धांच्या इतिहासातील गाजलेले तंटे या दृष्टीने पाहावेत. वॉर्सा येथील शोपाँ स्पर्धा १९२७ पासून भरते. १९५५ साली तेथे आदाम हाराशेविच पहिला व व्लादिमिर आश्केनाझी दुसरा आला, तेव्हा परीक्षक आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली यांनी निर्णयपत्रावर सही करण्याचे नाकारले. १९५८ साली मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत रिख्तर यांनी व्हॅन क्लायबर्नला पूर्ण गुण व इतरांपैकी बहुतेकांना शून्य दिले, असे सांगितले जाते. १९८० साली वॉर्सातच ईव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीपूर्वी बाद झाला, म्हणून त्याला प्रतिभावंत मानणाऱ्या मार्था आर्गेरिच यांनी परीक्षकपद सोडले. या तिघांना लहरी म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु तिघेही प्रथम श्रेणीचे वादक होते, आणि तिघांनीही एकच गोष्ट केली : दिलेल्या अंकांच्या चौकटीत आपले म्हणणे मावत नाही, हे कृतीने सांगितले. सही न करणे, शून्य देणे, उठून जाणे, ही सर्व वाक्येच आहेत. बोलावयास अन्य जागा नसल्यामुळे ती अशा रूपाने उच्चारली गेली.

तथापि यावरून विरोध करणारा परीक्षक नेहमी बरोबर असतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १९८० च्या वादाच्या धुरळ्यात विजेता डांग थाय सोन जवळजवळ झाकला गेला. व्हिएतनामच्या या वादकाचे शोपाँवादन शांत वळणाचे आहे. पण शांतता म्हणजे सामान्यता नव्हे. पुढे तो शिक्षक झाला आणि त्याच्याकडे शिकलेले ब्रूस लिऊ व एरिक लू यांनी अनुक्रमे २०२१ व २०२५ साली तीच स्पर्धा जिंकली. २०१५ साली सोंग-जिन चो याला अंतिम फेरीत फिलिप आंत्रमाँ यांनी १० पैकी १ गुण दिला. इतर बहुतेकांनी ९ वा १० दिले व चो विजयी झाला. हे गुण जाहीर झाले, ही चांगलीच गोष्ट होय. पण १ का, हे त्या अंकातून कळत नाही. अंक उघड झाला, कारण झाकलेलेच राहिले.

उरला प्रश्न गुरू आणि परीक्षक एकच असण्याचा. १९६३ साली लीड्सच्या पहिल्या स्पर्धेत मायकेल रोल विजयी झाला. तो स्पर्धेच्या संस्थापिका फॅनी वॉटरमन यांचाच शिष्य होता. अशा प्रसंगी कुजबुज होणारच. वॉर्सात परीक्षकाने स्वतःच्या शिष्याला गुण देऊ नयेत असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु हा नियम पक्षपात टाळतो; रुचीचे नाते तो टाळू शकत नाही. ज्या वळणाचे वादन मी आयुष्यभर शिकविले, ते परक्याच्या शिष्याने वाजविले तरी मला शुद्ध वाटणार. हे नाते नेहमी घातकच असते असेही नाही. क्लायबर्नच्या गुरू रोझिना लेव्हिन यांनी १८९८ साली मॉस्कोच्याच संगीतविद्यालयाचे सुवर्णपदक मिळविले होते. अमेरिकेतून आलेल्या त्या तरुणाच्या वादनात मॉस्कोच्या श्रोत्यांना आपलीच जुनी बोली ऐकू आली असावी. परंपरेमुळे कान बंद होतात, तसे ते उघडतातही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. विद्यापीठांत प्रबंधाचा मार्गदर्शक बहुधा त्याच्या परीक्षकांपैकीही एक असतो. काही वर्षांपूर्वी एका मौखिक परीक्षेत प्रस्तुत लेखकाने एका विद्यार्थ्याला कमी गुण दिले. त्याची मांडणी सदोष होती, असे त्या वेळी वाटले. नंतर टिपणे पुन्हा वाचताना ध्यानात आले की मांडणीत दोष नव्हता. त्याची परिभाषा मला शिकविणाऱ्यांची नव्हती, इतकेच. गुणपत्रिकेत कारण लिहावयाचा रकाना असता, तर ते वाक्य लिहितानाच माझी चूक मला कळली असती.

म्हणून या लेखाची सूचना मर्यादित आहे. परीक्षकाने, मग तो वॉर्सात बसलेला असो वा आपल्या विभागात, अंकासोबत निदान एक कारण लिहावे आणि ते परीक्षार्थीला वाचावयास मिळावे. यामुळे मतभेद मिटणार नाहीत. पण निर्णय देणाऱ्याला शिकविणाऱ्याच्या भाषेत बोलावे लागेल, आणि ज्याला कारण सांगता येत नाही त्याला आपल्या अंकाविषयी पुन्हा विचार करावा लागेल.