चुकलेल्या नाण्यांचं मोल

आज टांकसाळीत चुकलेल्या नाण्यांविषयी बोलायचंय, आणि त्यांच्या किमती सांगत फिरणाऱ्यांशी जरा भांडायचंही आहे.

ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दाखवतात आणि खाली आकडा झळकतो, दहा लाख! हे नाणं 2012 सालचं. देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेलं, वापरात आलेलं. त्यात चूक कसलीच नाही, आणि ते दुर्मिळ म्हणावं असंही नाही. पण आकडा ऐकून माणूस नंबर फिरवतो, पलीकडचा 'नोंदणी शुल्क' मागतो, आणि पेन्शनीतले पैसे जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घ्यायचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तरी हा धंदा चालूच आहे.

हे झाले सरळसरळ भामटे. माझा खरा वाद जाणकार म्हणवणाऱ्यांशी आहे. बाजारात सगळ्यालाच 'मिसप्रिंट' म्हणतात. अहो, नाणं छापतात कुठे? आपल्या भाषेत नाणं 'पाडतात'. धातूच्या पट्टीतून चकत्या कापायच्या, तापवून मऊ करायच्या, कडा उचलायच्या, मग खालचा ठसा, वरचा ठसा आणि भोवती कडं, यांच्यामध्ये चकती ठेवून दाब द्यायचा. चूक यातल्याच कुठल्यातरी पायरीवर होते. ती पायरी सांगता आली नाही, तर तुमच्या हातात आहे ते फक्त विचित्र दिसणारं नाणं. मग तो टांकसाळीचा दोष असेल किंवा कुणाच्यातरी हातोड्याचा.

एक साधं उदाहरण. कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर कातर पडली की असं होतं. पण मग कडा उचलायच्या यंत्रात त्या बाजूला दाबच बसत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कडही बहुतेक वेळा अशक्त, पुसट निघते. कानस मारून बनवलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते. लोक नेमके कापलेल्या जागेकडे टक लावून बघतात. बघायचं असतं समोर!

आता किमतीकडे येऊ, कारण सगळ्यांचे कान तिकडेच आहेत. 1955 साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एक सेंटचा एक ठसा घडवताना मूळ साच्याचा दाब दोनदा, किंचित फिरून बसला. त्या ठशाखाली पडलेल्या प्रत्येक नाण्यावर अक्षरं आणि साल दुहेरी उमटलं. साधारण वीस-चोवीस हजार नाणी बाहेर पडली. आज झिजलेल्या नाण्यालाही हजार डॉलरच्या वर मिळतात. पण त्याच सालचं दुसरं एक सेंट आहे, ज्यात फक्त शेवटचा 5 जरा दुहेरी दिसतो. ते झिजलेल्या ठशाचं काम. त्याला तिकडचे संग्राहकच गमतीने 'गरिबाचा दुहेरी ठसा' म्हणतात, आणि तो एक-दोन डॉलरला मिळतो. साल तेच, टांकसाळ तीच. फरक कारणाचा, आणि किमतीत जमीन-अस्मानाचा.

ब्रिटनमध्ये 2008 साली नवी नाणी काढताना वीस पेन्सवरचं साल मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूला नेलं. काही चकत्यांवर जुनी राणीची बाजू आणि नवी मागची बाजू अशी जोडी जमली. झालं, सालच गायब! तीनशेहून अधिक वर्षांत तिकडे असं नाणं चलनात आलं नव्हतं. पण टांकसाळीच्याच अंदाजाने अशी नाणी पन्नास हजार ते दोन लाख निघाली, म्हणून भाव स्थिरावला तो साधारण पन्नास ते शंभर पौंडांच्या घरात. विक्रीला मांडताना मात्र लोक हजारोंचे आकडे लिहीत राहिले. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत एकच समजणं, हा आपल्या बाजाराचाही मोठा रोग आहे.

आणि हे माप सगळीकडे लावूही नका. शिवराई घ्या. ती हाताने घण मारून पाडलेली. ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा, म्हणून कुठे 'श्री' अर्धा, कुठे 'छत्रपति'मधलं एखादं अक्षर बाहेर. 'बाजूला सरकलेली दुर्मिळ शिवराई' म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हावं. तिथे उलट आहे, अक्षरं जितकी पूर्ण तितकं मोल जास्त. पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयाचंही तसंच. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला, बरीचशी नाणी वितळवली आणि पुढच्या वर्षी सोंड सुधारली. नाणं गोड आहे, संग्रहात असावं. पण चूक चित्रकाराची. टांकसाळीने दिलेलं चित्र चोख पाडलं होतं.

यंत्रावरच्या नाण्यात मात्र ठसा सरकणं मोलाचं ठरतं, तेही सरकण्याच्या प्रमाणात. जेमतेम पाच टक्के सरकलेल्याला फारसं कुणी विचारत नाही. निम्मं सरकलेलं आणि तरी साल वाचता येणारं असेल, तर गोष्ट वेगळी.

शेवटी चिठ्ठीतून आलेला प्रश्न घेतो. दहा रुपयांचं, मधला गाभा नसलेलं नुसतं कडं मिळालंय, काय येईल? आधी भिंग घ्या आणि भोकाची आतली भिंत बघा. दाब पडताना गाभा कड्यात घट्ट रुततो, त्यामुळे नंतर ठोकून काढला तर त्या पकडीच्या खुणा भिंतीवर राहतात. गाभ्याशिवायच दाब पडला असेल, तर अडवायला मध्ये काही नसतं आणि कड्याचा धातू भोकाच्या दिशेने आत सरकलेला दिसतो. तसं दिसलं तर विकायची घाई करू नका, दोन जाणत्यांना दाखवा. पकडीच्या खुणा दिसल्या, तर कुणीतरी हातोडा मारून दहा रुपये वाया घालवलेत.