शिलालेख आणि स्थळनिर्णय : पी-रामेसेसचा दाखला

एखाद्या स्थळी सापडलेला लेख त्या स्थळाचे नाव सिद्ध करतो, हे गृहीत आपल्या अभ्यासात इतके रुळले आहे की त्याची परीक्षा क्वचितच होते. दुसऱ्या रामेसेसने (इ. स. पू. १२७९–१२१३) नाईलच्या त्रिभुज प्रदेशात उभारलेल्या पी-रामेसेस, म्हणजे ‘रामेसेसचे घर’, या राजधानीच्या स्थाननिश्चितीचा इतिहास या दृष्टीने चिंतनीय आहे.

पिएर मोंते यांनी १९२९ पासून तानिस येथे उत्खनन केले. तेथील पुतळ्यांवर व एकाश्म स्तंभांवर रामेसेसचे नाव जागोजाग कोरलेले आढळले. त्यावरून तानिस हेच पी-रामेसेस होय, असे मत त्यांनी मांडले. लेखांचे वाचन निर्दोष होते. अनुमान मात्र टिकणारे नव्हते. तानिस येथे रामेसेसच्या काळातील नगराचे थर मिळाले नाहीत. उलट, दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरांवरील कान्तीर येथे महमूद हमझा यांना राजवाड्याच्या झिलईदार फरशा मिळाल्या होत्या, आणि पी-रामेसेस ते हेच, असे त्यांनी १९३० मध्ये सुचविले होते. लबीब हबाशी यांनी त्यास दुजोरा दिला. १९६६ पासून मानफ्रेड बीटाक यांनी लगतच्या तेल एद-दबा येथे केलेल्या संशोधनाने आणि पुढे कान्तीर येथे उजेडात आलेल्या विस्तीर्ण अश्वशाळांनी तो पक्ष सिद्ध झाला.

मग तानिसच्या लेखांचा उलगडा कसा करावयाचा? पी-रामेसेसचा उत्कर्ष नाईलच्या पेलुसी शाखेवर व आशियाकडे जाणाऱ्या मार्गाच्या सान्निध्यावर आधारलेला होता. ती शाखा गाळाने भरत गेली, तसा नगराचा आधार तुटला. इ. स. पू. अकराव्या शतकात एकविसाव्या राजवंशाने तानिस येथे राजधानी केली आणि जुन्या नगरीचे कोरीव दगड नव्या मंदिरांसाठी तिकडे नेले. म्हणजे तानिसची लेखसमृद्धी ही पी-रामेसेसच्या वैभवाची खूण म्हणून वाचली गेली. वस्तुतः ती त्याच्या ऱ्हासाची खूण होती.

यावरून लेखांचे प्रामाण्य कमी ठरत नाही. लेखांवाचून कान्तीरच्या अवशेषांना नाव देणे अशक्यप्राय झाले असते. तथापि लेखात काय लिहिले आहे, या प्रश्नाइतकाच तो कोरला गेला तेव्हा दगड कोठे होता, हा प्रश्नही भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो. दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्यावरून स्थळनिर्णय करू नये.