मिडासची मुलगी कोठून आली?

मिडास राजाची गोष्ट आपल्या घरांतील बहुतेक मुलांना ठाऊक असते. हात लागेल त्याचे सोने व्हावे, असा वर त्याने मागितला. वर मिळाला आणि अखेर त्याची लाडकी लेकच सोन्याची पुतळी झाली. परंतु लॅटिन कवी ओव्हिड याच्या ‘मेटामॉर्फोसिस’ काव्याच्या अकराव्या सर्गात ही मुलगी आढळत नाही. तेथे राजाच्या हातातील भाकरी कठीण होते, ओठांशी नेलेल्या द्राक्षारसाचे सोने होते आणि भुकेने व तहानेने व्याकूळ झालेला राजा देवाची करुणा भाकतो. मुलीला गोष्टीत आणून लोकप्रिय केले ते अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न यांनी, १८५१ च्या अखेरीस निघालेल्या ‘अ वंडर-बुक फॉर गर्ल्स अँड बॉइज’ या पुस्तकात.

ग्रीक पुराणकथा लहानग्यांसाठी पुन्हा सांगताना लेखकाने किती मोकळीक घ्यावी, या प्रश्नाचा विचार करताना हॉथॉर्न यांना टाळता येत नाही. या कथा मुळातच अविनाशी असून प्रत्येक युगाने त्यांना आपापला पोशाख चढवावा, अशी भूमिका त्यांनी प्रस्तावनेत मांडली. विशेष म्हणजे या भूमिकेला आक्षेप घेणारा एक विद्वान गृहस्थही त्यांनी त्याच पुस्तकात पात्र म्हणून आणून बसविला. आम्हांस हा प्रामाणिकपणा आवडतो. तरीही त्यांनी केलेले सर्व बदल एकाच तागडीत तोलता येणार नाहीत.

मिडासची मुलगी ही भर आम्ही उचित मानतो. राजाची भूक मुलाला समजते, पण ती त्याला हसूही आणते. बापाच्या हातून लेकीचा पुतळा होतो तेव्हा मात्र लोभाची किंमत त्याच्या काळजाला भिडते. येथे मूळ अर्थ नाहीसा झालेला नाही. तो मुलाच्या आवाक्यात आला आहे.

पँडोराच्या कथेत प्रश्न अधिक अवघड होतो. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात अग्नीच्या चोरीबद्दल झ्यूस मानवजातीवर सूड उगवतो, पँडोरा ही त्या सुडाचे साधन असते आणि सारी दुःखे बाहेर पडल्यावर आशा रांजणातच अडकून राहते. हॉथॉर्न यांनी पँडोराला एक कुतूहलाने पछाडलेली बालिका केले, रांजणाच्या जागी पेटी ठेवली आणि आशेला बाहेर आणून तिच्याकडून मुलांच्या जखमांवर फुंकर घालविली. ख्रिस्ती वाचकाला ही आशा ओळखीची वाटेल, आणि म्हणूनच आपण सावध राहिले पाहिजे. हेसिअडची आशा इतकी सोपी नाही. ती मानवासाठी राखून ठेवली की त्याच्यापासून दडवून ठेवली, यावर पंडितांचे आजही एकमत नाही. आपला विश्वास दुसऱ्याच्या तोंडी घालून मग त्याची वाहवा करणे हा न्याय नव्हे.

१८५३ च्या ‘टँगलवुड टेल्स’मधील थीसिअसच्या कथेत मात्र लेखकाचा तोल सुटला आहे. परंपरा सांगते की, आरिअ‍ॅडनीच्या साहाय्याने चक्रव्यूहातून सुटलेल्या थीसिअसने तिला नॅक्सॉस बेटावर सोडून दिले. हॉथॉर्न यांची आरिअ‍ॅडनी वृद्ध पित्याला सोडून जाण्यास स्वतःच नकार देते. नायक निष्कलंक राहतो, पण उपकारकर्त्या मुलीची वेदना पुसली जाते. पराक्रमी माणूसही कृतघ्न होऊ शकतो, हे मुलाला आज ना उद्या कळणारच आहे. ते गोष्टीत कळले तर सोसण्याचे बळ येते. गोष्टीने लपविले तर पुढे मुलाचा गोष्टींवरचाच विश्वास उडतो.

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाची आणखी एक अडचण असते. आपल्या मराठी बाळाला जोडाक्षरे उशिरा येतात. ‘प्रॉमिथिअस’ किंवा ‘पर्सेफनी’ या नावांपाशीच ते अडखळेल. ‘मिडास’ आणि ‘इकारस’ ही नावे ते सहज वाचील. मराठीत अशी पुस्तके लिहिणाऱ्याने आरंभ येथून करावा. इकारस फार उंच उडाला. उन्हाने मेण वितळले. तो सागरात पडला. बाप हाका मारीत राहिला. वाक्ये एवढी लहान असली तरी गोष्ट लहान होत नाही. मात्र शेवटी इकारसला कोळ्यांनी वाचविले असे लिहू नये. ओव्हिडचा डेडॅलस आपल्या कलेला शाप देतो आणि मुलाला पुरतो. तो शोक काढून घेतला तर उरते ते केवळ पंखांचे खेळणे.

इतर देवांच्या कथा आपल्या मुलांच्या हाती द्याव्यात काय, अशी शंका काही आईबापांना येते. चौथ्या शतकात संत बाझील यांनी ग्रीक साहित्याविषयी तरुणांना उपदेश करताना मधमाशीचा दाखला दिला आहे. ती सर्वच फुलांवर बसत नाही आणि ज्यांवर बसते त्यांचेही सारे घेत नाही. हा विवेक आम्हांस पुरेसा वाटतो. मात्र आपल्याला हवा तेवढा मध घेताना फुलाचा रंग बदलण्याचा अधिकार मधमाशीलाही नाही. पुस्तक विकत घेताना आईबापांनी शेवटचे पान आधी वाचावे. तेथे दुःख सौम्य शब्दांत सांगितले असेल तर पुस्तक घ्यावे. दुःख झालेच नाही असे सांगितले असेल तर ते परत ठेवावे.